कॉलेज बेसबॉलमधील सहायक प्रशिक्षकपद: तीन प्रस्तावांपैकी कोणता घ्यावा?

फ्रिस्कोची आई (प्रश्न)

नमस्कार. आम्ही बऱ्याच वर्षांपासून टेक्सासमध्ये स्थायिक आहोत. आमचा मुलगा डिव्हिजन ३ मधील (कॉलेज खेळांच्या तीन स्तरांपैकी तिसऱ्या; डिव्हिजन १ सर्वांत वरचा) एका कॉलेजात चार वर्षे कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून खेळला आणि या मे महिन्यात त्याची कायनेसिऑलॉजीची पदवी पूर्ण होत आहे. पुढे व्यावसायिक खेळाडू होण्याइतका आपला खेळ नाही हे त्याने स्वतःच ओळखले आहे. मात्र खेळ सोडायची त्याची तयारी नाही. कॉलेज बेसबॉलमध्येच सहायक प्रशिक्षक व्हायचे, असे त्याने ठरवले आहे.

आमच्या घरात आजवर कोणी खेळावर पोट भरलेले नाही. शिक्षण, परीक्षा, नोकरी, बढती असा क्रम ज्या क्षेत्रांत असतो तीच क्षेत्रे आम्हाला माहीत आहेत, आणि येथे तसा क्रम कोठे दिसत नाही. त्याच्यापुढे सध्या तीन प्रस्ताव आहेत. पहिला डिव्हिजन २ मधील ग्रॅज्युएट असिस्टंटचा: दोन वर्षांच्या मास्टर्सची फी माफ आणि थोडे विद्यावेतन. दुसरा डिव्हिजन १ मधील एका नावाजलेल्या संघाच्या व्हिडिओ आणि डेटा विभागातील वर्षभराच्या इंटर्नशिपचा. तेथे मानधन नाममात्र आहे आणि मैदानावर शिकवण्याचे काम नाही. तिसरा एका आडगावच्या ज्युनियर कॉलेजचा (म्हणजे आपल्याकडील अकरावी-बारावी नव्हे, तर हायस्कूलनंतरचे दोन वर्षांचे कॉलेज): अर्धवेळ पगार, पण कॅचर मंडळी आणि रिक्रूटिंग (संघासाठी नवे खेळाडू मिळवणे) दोन्ही त्याच्याकडे सोपवू, असे तेथील मुख्य प्रशिक्षक म्हणतात.

यांतला कोणता प्रस्ताव पुढे नेणारा आहे? स्थिर, पूर्णवेळ पगार मिळेपर्यंत साधारण किती काळ जातो? आणि आई-वडिलांनी तोवर पैशाचा आधार द्यावा, की तसे केल्याने निर्णय लांबणीवर पडतो? माझे सासरे पुण्याहून दर फोनला "नातू नेमके करतो काय" असे विचारतात, आणि त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही.

नियमपुस्तक

मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचे काम पाहतो, त्यामुळे आधी या नोकऱ्यांची रचना सांगतो. ती समजली की प्रस्ताव तोलणे सोपे जाईल.

डिव्हिजन १ मध्ये बेसबॉलचे सुमारे ३०० संघ आहेत. अनेक वर्षे प्रत्येक संघाला एक मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी सहायक आणि एक 'व्हॉलंटिअर कोच' एवढीच मुभा होती. हा व्हॉलंटिअर रोज मैदानावर इतर सहायकांइतकेच तास राबत असे, परंतु त्याला विद्यापीठाकडून पगार घेता येत नसे आणि रिक्रूटिंगसाठी बाहेरही जाता येत नसे. उन्हाळी शिबिरे आणि खाजगी शिकवण्या यांवर त्याची गुजराण चाले. आज मोठ्या पदांवर असलेल्या कित्येक प्रशिक्षकांनी अशी वर्षे काढलेली आहेत. १ जुलै २०२३ पासून एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने) ही श्रेणी रद्द केली आणि मुख्य प्रशिक्षकाखाली तीन सहायक नेमण्याची परवानगी दिली. माजी व्हॉलंटिअर प्रशिक्षकांनी या जुन्या नियमाविरुद्ध केलेल्या दाव्यात पुढे सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरची तडजोडही झाली.

यातील बारकावा असा, की नियमाने पगार देण्याची परवानगी दिली, सक्ती केली नाही. श्रीमंत कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांत) तिसऱ्या सहायकाला लगेच चांगला पगार मिळू लागला, तर लहान विद्यापीठांत त्याच खुर्चीवर आजही जेमतेम घरभाडे निघेल एवढ्या रकमेत माणूस बसतो. म्हणून 'डिव्हिजन १ मधील सहायक प्रशिक्षक' एवढ्या पदनामावरून उत्पन्नाचा काहीही अंदाज बांधू नये.

हिशेब करून पाहा. प्रत्येक संघात तीन, म्हणजे सगळ्या डिव्हिजन १ मध्ये मिळून साधारण ९०० जागा. त्यांतली एक सहसा पिचिंग (चेंडूफेक) प्रशिक्षकाची, एक हिटिंग (फलंदाजी) प्रशिक्षकाची, आणि रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर हे पद बहुधा या तिघांपैकीच कोणाकडे तरी असते. या खुर्च्यांच्या खाली ग्रॅज्युएट असिस्टंट, इंटर्न, ऑपरेशन्स आणि प्लेअर डेव्हलपमेंट पाहणारे असा मोठा थर असतो आणि तो सगळा थर वर पाहत उभा असतो. डिव्हिजन २, डिव्हिजन ३, एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) आणि ज्युनियर कॉलेजे धरली तर संघांची संख्या कितीतरी पटींनी वाढते, परंतु तेथे मुख्य प्रशिक्षकच काय तो पूर्णवेळ आणि सहायक अर्धवेळ, हे चित्र सर्रास आढळते. डिव्हिजन ३ मध्ये तर सहायक प्रशिक्षकाकडे जिमची देखरेख किंवा वसतिगृहाचे काम जोडून दोन अर्ध्या नोकऱ्यांची एक पूर्ण नोकरी केलेली असते.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर. मास्टर्सची पदवी फुकट मिळत असेल, तर ती सोडू नये. अनेक विद्यापीठांच्या जाहिरातींत ती 'प्राधान्य' म्हणून लिहिलेली असते, आणि उद्या हे क्षेत्र सोडावे लागले तरी ती हातात राहते. माझे मत पहिल्या प्रस्तावाला.

बुलपेनजवळ

वरील माहिती अचूक आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी काही वर्षे ज्युनियर कॉलेजात पिचिंग प्रशिक्षक होतो आणि आता खाजगी प्रशिक्षण केंद्रात पिचर मुलांना शिकवतो.

सहायक प्रशिक्षकाचे काम म्हणजे शिकवणे, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग खेळाडू शोधण्यात आणि त्यांना आपल्याकडे वळवण्यात जातो. फेब्रुवारीच्या मध्यापासून ५६ सामन्यांचा नियमित हंगाम सुरू होतो, आणि त्या धांदलीतही मोकळा दिवस मिळाला की सहायक गाडी काढून कोठल्यातरी हायस्कूलच्या मैदानावर हजर असतो. कॅचरकडे पाहताना त्याच्या हातात स्टॉपवॉच असते: चेंडू कॅचरच्या मिटमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंतचा वेळ, म्हणजे 'पॉप टाइम', दोन सेकंदांच्या आसपास आला की वहीत नावाला खूण होते. त्यानंतर तो मुलाकडे पाहत नाही, चुकीच्या थ्रोनंतर मुलगा पिचरकडे कसा पाहतो ते पाहतो. शेवटी आई-वडील कोठे बसले आहेत आणि अंपायरवर ओरडत आहेत का, तेही पाहतो. घड्याळाचा आकडा कोणीही नोंदवील. पुढच्या दोन गोष्टींवरून माणूस पारखता येणे हे खरे कसब, आणि ते केल्यावाचून येत नाही.

हे काम गेल्या काही वर्षांत सोपे राहिलेले नाही. डिव्हिजन १ चे प्रशिक्षक आता हायस्कूलच्या खेळाडूशी अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपूर्वी थेट संपर्क साधू शकत नाहीत. हंगाम संपताच ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) उघडते आणि स्वतःच्या संघातील किती मुले राहतील याचीच खात्री नसते. ज्याला वर्ष-दोन वर्षे पाठपुरावा करून आणले, तो जुलैच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) व्यावसायिक संघाकडे निघून जातो. खेळाडूंना थेट पैसे देण्याबाबतच्या २०२५ च्या वेगळ्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत ११.७ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, परंतु संघातील खेळाडूंची कमाल संख्या ३४ वर आली. पूर्वी ही ११.७ शिष्यवृत्त्यांची रक्कम जास्तीत जास्त २७ मुलांत वाटताना प्रत्येकाच्या वाट्याला किती टक्के, याचे गणित मांडणे ही सहायकाची एक कलाच होती. आता त्या गणिताची जागा खेळाडूंना द्यायच्या पैशाच्या वाटाघाटींनी घेतली आहे.

म्हणून माझा कौल ज्युनियर कॉलेजला. मास्टर्सची पदवी पुढेही घेता येईल. 'रिक्रूटिंग तुझ्याकडे' असे बाविसाव्या वर्षी कोण म्हणतो? शिवाय ज्युनियर कॉलेजची मुले दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजांकडे जातात, त्यामुळे त्यांना न्यायला आलेल्या डिव्हिजन १ च्या प्रशिक्षकांशी याचे वर्षभर बोलणे होईल. जो सहायक आपल्या मुलाचे गुणदोष खरेखुरे सांगतो, फुगवून सांगत नाही, त्याचे नाव या मंडळींच्या लक्षात राहते.

कष्टांची कल्पना मात्र असू द्या. अशा कॉलेजात मैदान राखणारा वेगळा माणूस नसतो. पावसाचा अंदाज आला की ताडपत्री ओढायला प्रशिक्षक, सामन्यानंतर माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) पिचरच्या पायाने पडलेला खड्डा ओली चिकणमाती भरून ठोकायला प्रशिक्षक, आणि रात्री बारा आसनी व्हॅन चालवायलाही प्रशिक्षकच.

ओमाहाचा प्रेक्षक

दोन्ही उत्तरे वाचली. मी या व्यवसायातला नाही, पण कॉलेज बेसबॉल बारकाईने पाहत आलो आहे. सहायकांच्या वाटचालीकडे पाहिले तर मला विद्यापीठाच्या नावापेक्षा एकच गोष्ट निर्णायक वाटते: तुम्ही कोणत्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आहात, आणि त्या माणसाचे पुढे काय होते.

टोनी व्हिटेलो यांचे उदाहरण घ्या. मिझुरी विद्यापीठात खेळले, तेथेच सहायक झाले, मग टेक्सास ख्रिश्चन, मग अर्कान्सॉ. अशी २००३ ते २०१७ ही पंधरा वर्षे ते सहायकच होते आणि त्यांची ओळख प्रामुख्याने उत्तम रिक्रूटर म्हणून होती. २०१७ मध्ये टेनेसीने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले, २०२४ मध्ये त्यांनी टेनेसीला पहिले कॉलेज वर्ल्ड सिरीज (डिव्हिजन १ ची अंतिम स्पर्धा) विजेतेपद मिळवून दिले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेजर लीगमधील (सर्वोच्च व्यावसायिक लीगमधील) सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्यांना मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नेमले. व्यावसायिक बेसबॉलमध्ये कधीही न खेळलेला वा प्रशिक्षण न दिलेला माणूस कॉलेजातून थेट त्या खुर्चीवर जाण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या जागी टेनेसीने बाहेरून कोणाला आणले नाही. त्यांचेच सहायक जॉश एलँडर यांना बढती दिली. एलँडर टेक्सास ख्रिश्चनमध्ये खेळत असताना व्हिटेलो तेथे सहायक होते. म्हणजे हा धागा किती मागे जातो ते पाहा.

याची दुसरी बाजू २४ जून २०२४ नंतरच्या आठवड्यात दिसली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठ त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत टेनेसीकडून हरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे मुख्य प्रशिक्षक जिम श्लॉसनेगल कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या टेक्सास विद्यापीठाकडे गेले. सहायकांनीही त्यांच्याबरोबर बिऱ्हाड हलवायला घेतले. हिटिंग प्रशिक्षक मायकल अर्ली हेही निघाले होते, परंतु आठवडाभरात ए अँड एमने त्यांनाच मुख्य प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. पुढच्या हंगामापूर्वीच्या क्रमवारीत त्यांचा संघ पहिला होता, आणि हंगामाच्या शेवटी त्याच संघाला एनसीएएच्या ६४ संघांच्या स्पर्धेतही जागा मिळाली नाही. एका आठवड्यात एवढी उलथापालथ होते, आणि त्यात सहायकाच्या घरच्यांना आपले घर कोणत्या गावात असेल हेही सांगता येत नाही. मुख्य प्रशिक्षकाला काढून टाकले की त्याचे सहायकही बहुधा जातात. नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो. यावर कोणी फारशी हळहळही व्यक्त करत नाही.

सगळ्यांनीच मुख्य प्रशिक्षक व्हायला हवे असेही नाही. केव्हिन मॅकमलन २००४ पासून व्हर्जिनियात ब्रायन ओकॉनर यांच्याबरोबर होते आणि २०२५ मध्ये ओकॉनर मिसिसिपी स्टेटला गेले तेव्हा तेही गेले. दोन दशकांहून अधिक काळ एकाच माणसाबरोबर सहायक म्हणून काम करणे हीही एक पूर्ण कारकीर्द आहे, आणि माझ्या मते पुष्कळ मुख्य प्रशिक्षकांच्या कारकिर्दीपेक्षा ती हेवा करण्यासारखी आहे.

आणखी एक वाट वेस जॉन्सन यांची. अर्कान्सॉमधील हायस्कूलपासून सुरुवात, मग लहान कॉलेजे, मग तुमच्या जवळचे डॅलस बॅप्टिस्ट (त्या विद्यापीठाचे बाकीचे खेळ डिव्हिजन २ मध्ये असूनही बेसबॉल मात्र डिव्हिजन १ मध्ये आहे), पुढे मिसिसिपी स्टेट आणि अर्कान्सॉ. २०१८ च्या अखेरीस मेजर लीगमधील मिनेसोटा ट्विन्सने त्यांना कॉलेजातून थेट पिचिंग प्रशिक्षक म्हणून नेले. जून २०२२ मध्ये, हंगाम चालू असताना, ते मेजर लीगची नोकरी सोडून एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) सहायक झाले आणि तेथील त्यांचा पगार ७,५०,००० डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा सर्वत्र आल्या. पुढच्याच वर्षी एलएसयूने विजेतेपद मिळवले, त्यांचा पिचर पॉल स्कीन्स ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, आणि जॉन्सन जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. हा आकडा आजोबांना सांगण्यासारखा आहे. फक्त तो शिखरावरचा आहे, हेही त्याच फोनवर सांगावे.

जॉन्सन यांची प्रगती ज्या काळात झाली त्याच काळात ट्रॅकमन आणि रॅप्सोडो ही चेंडूचा वेग-फिरकी मोजणारी यंत्रे, तसेच हाय-स्पीड कॅमेरे कॉलेजांत आले, आणि चेंडूच्या फिरकीचे आकडे वाचून पिचरला समजेल अशा भाषेत सांगणाऱ्यांची मागणी वाढली. त्यामुळे डेटा विभागाचा दुसरा प्रस्ताव मी लगेच बाजूला टाकणार नाही. मोठ्या संघातील मुख्य प्रशिक्षकाचा एक फोन लहान कॉलेजात नोकरी मिळवून देतो.

बुलपेनजवळ

फोन करतो, हे खरे. पण कोणासाठी? त्या विभागात अनेक इंटर्न एका खोलीत स्क्रीनसमोर बसलेले असतात. मुख्य प्रशिक्षकाला त्यांतील प्रत्येकाचे नाव माहीत असते, काम माहीत असतेच असे नाही. या मुलाची जमेची बाजू कॅचर असणे ही आहे. पिचरचा स्वभाव, फलंदाजाची कच्ची बाजू आणि धावपटूचा इरादा एकाच वेळी डोक्यात ठेवायची त्याला सवय असते. ते कसब मैदानावर दिसते, स्क्रीनसमोर दिसत नाही.

कोथरूडचा शॉर्टस्टॉप

प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच विषयातला म्हणून विचारतो. मी महाराष्ट्रातून आंतरविद्यापीठ स्पर्धांत बेसबॉल खेळलो आहे. मास्टर्ससाठी अमेरिकेत गेल्यास ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून या वाटेने जाता येईल का?

नियमपुस्तक

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, त्यामुळे ग्रॅज्युएट असिस्टंटचे पद कायद्याने शक्य आहे. पदवीनंतरच्या ओपीटीमध्ये (त्याच व्हिसावरील तात्पुरत्या कामाच्या परवानगीत) काम शिक्षणाच्या विषयाशी निगडित असावे लागते, म्हणून विषय निवडतानाच क्रीडाविज्ञान किंवा डेटा विश्लेषण यांचा विचार करावा. विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत बसत असेल, तर २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. खरी अडचण त्यापुढची आहे. विद्यापीठांना एच-१बीची (नोकरीच्या व्हिसाची) वार्षिक मर्यादा लागू नसली, तरी अर्धवेळ सहायकासाठी हा सगळा खटाटोप आणि खर्च करायला बेसबॉल विभाग क्वचितच तयार होतो. डेटाच्या बाजूने प्रयत्न केल्यास शक्यता तुलनेने बरी आहे. आपल्या खेळाच्या चित्रफिती तेथील प्रशिक्षकांना पाठवण्यापेक्षा, एखाद्या पिचरच्या आकड्यांचे स्वतः केलेले विश्लेषण पाठवावे.

फ्रिस्कोची आई

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला हा सगळा संवाद वाचून दाखवला. मराठी वाचण्याचा त्याचा वेग बेताचा असल्याने वाचन मी केले आणि तो मधूनमधून "करेक्ट" म्हणत होता. त्याचा कल ज्युनियर कॉलेजकडे आहे. येत्या आठवड्यात तेथील मुख्य प्रशिक्षकांशी त्याचे फोनवर बोलणे ठरले आहे. त्यात काय विचारावे? आणि पैशाच्या आधाराबद्दल कोणी काही लिहिले नाही.

बुलपेनजवळ

पगाराची रक्कम त्यांनी सांगितलेलीच आहे, ती पुन्हा विचारू नये. पहिला प्रश्न असा असावा: आपल्याकडे याआधी या पदावर असलेले सहायक आज कोठे आहेत? चांगला मुख्य प्रशिक्षक पटापट नावे सांगेल आणि त्यातील दोघांचे नंबरही देईल. त्या दोघांना फोन करावाच, आणि विशेषतः हे विचारावे की नोकरी सोडायची वेळ आली तेव्हा या गृहस्थांनी शब्द टाकला का. नावे आठवावी लागत असतील तर समजून घ्यावे.

दुसरे, रिक्रूटिंग तुझ्याकडे म्हणजे नेमके काय: प्रवासाचा खर्च कॉलेज देते का, आणि एखाद्या मुलाला होकार देण्याचा अधिकार आहे, की फक्त नाव सुचवण्याचा? तिसरे, उन्हाळ्यात बाहेर काम करायची मोकळीक आहे का? केप कॉड ही सगळ्यांत नामांकित उन्हाळी लीग. तेथे पहिल्या वर्षी संधी मिळणे अवघड, पण नॉर्थवूड्स किंवा कोस्टल प्लेन लीगमधील संघांना तरुण सहायक हवे असतात. एका उन्हाळ्यात अनेक कॉलेजांच्या मुलांबरोबर काम होते, आणि त्या प्रत्येक मुलाचा प्रशिक्षक आपल्या खेळाडूची खबर विचारायला फोन करतो. चौथे, जानेवारीतील अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनाला कॉलेज पाठवते का? व्याख्याने सभागृहात होतात आणि नोकऱ्यांची बोलणी हॉटेलच्या लॉबीत, हे त्याला तेथे गेल्यावर कळेलच.

नियमपुस्तक

माझे मत मी आधी दिलेच आहे. तरीही त्याने ज्युनियर कॉलेज निवडल्यास डिव्हिजन २ च्या प्रशिक्षकांना नकार स्वतः फोन करून, आभार मानून कळवावा. ईमेलवर भागवू नये. पुढच्या पाच वर्षांत ते आणखी कोठे मुख्य प्रशिक्षक असतील, हे कोणालाच माहीत नाही.

पैशाबद्दल माझे मत असे, की दरमहा रक्कम देण्यापेक्षा आरोग्यविमा आणि गाडी या दोन गोष्टींची जबाबदारी आपण घ्यावी. वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत तो आपल्या विम्यावर राहू शकतो आणि अर्धवेळ नोकरीत विमा बहुधा नसतो. रिक्रूटिंगसाठी हजारो मैल पळणारी गाडी मध्येच बंद पडली, तर त्याचा महिन्याचा पगार तिच्या दुरुस्तीत जाईल. घरभाडे आणि जेवणखाण त्याचे त्याने भागवावे; पुष्कळ तरुण सहायक दोघे-तिघे मिळून राहतात आणि संध्याकाळी खाजगी शिकवण्या घेतात. किती काळ, या आपल्या प्रश्नाला ठराविक उत्तर नाही, कारण जागा कोणाच्यातरी जाण्याने रिकामी होते, कॅलेंडरने नाही. त्यामुळे वर्षे मोजण्याऐवजी दर जूनमध्ये, जेव्हा सगळीकडे प्रशिक्षकांची अदलाबदल होते तेव्हा, त्याला आपणहून कोणाचा फोन आला का एवढेच विचारावे. तीन जून लागोपाठ कोणाचाच फोन आला नाही, तर त्याच्याशी बसून बोलण्याची वेळ आली आहे असे समजावे.